मागच्या खोलीत रेंज चांगली येते

सोमवार, २ सप्टेंबर

आले एकदाची. सामान उतरवायला काही वेळच लागला नाही, इतकं ते थोडं. टेम्पोवाल्याने विचारलंसुद्धा, बाकीचं मागून येतंय का. मी म्हटलं, बाकीचं म्हणजे माझी मुलगी, ती येईल महिनाअखेर. तो हसला आणि शेगडी स्वतः उचलून ओट्यावर ठेवून गेला. बरं वाटलं. नव्या गावात पहिलाच माणूस हसरा भेटला.

घर आवडलं मला. बैठं, जुनं, भिंती हातभर जाड. पुढे एक मोठी खोली, तिला लागून स्वयंपाकघर, मग एक अंधारा बोळ आणि त्याच्या टोकाला मागची खोली. ती लहान आहे पण उजेडाची. तिची खिडकी बाजूच्या गल्लीत उघडते आणि गल्लीपलीकडे एका टेलरचं दुकान आहे. मी खोके आत टाकत होते तेव्हा टेलरकाकांनी मशीन थांबवून हात केला. मीही केला. चला, शेजार मिळाला.

घरमालकीणबाई किल्ली देऊन लगबगीने निघाल्या. चहा टाकते म्हटलं तर नको म्हणाल्या. आधी कोण राहत होतं असं विचारलं, तर राहत होते की, एवढंच. बाईंना बोलायचा कंटाळा दिसतो. मला नाही. मी तर बोलण्यावरच पोट भरते.

अगदी खरोखर. इंटरनेट कंपनीच्या मदत-क्रमांकावर लागलेय मी. लोकांचं वायफाय बसलं की त्यांचा फोन माझ्याकडे येतो, आणि मी घरबसल्या कानाला हेडफोन लावून त्यांना सांगते कुठली वायर काढा आणि कुठली खुपसा. हा महिना कच्ची नोकरी, नंतर पक्की. पक्की झाली की ठमी माझ्याकडे राहायला येणार. तिच्या बाबांशी तसं ठरलंय. आम्ही वेगळे झालो तेव्हा तेच म्हणाले होते, तुझं घर होऊ दे, नोकरी होऊ दे, मग मुलगी आईकडे. ठमीच्या आत्यासमोर म्हणाले, म्हणजे फिरायची सोय नाही. घर झालं. नोकरीही होईल.

बुधवार, ४ सप्टेंबर

लाइनवाला येऊन राउटर बसवून गेला. वायर दाराजवळ संपते म्हणून तो तिथेच कोपऱ्यात चपलांच्या वर लावायला निघाला होता. मी कसली ऐकतेय. दिवसभर लोकांना हेच सांगते: राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्यावर. कपाटात नको, टीव्हीमागे नको, माशांच्या पेटीशेजारी तर नकोच, पाणी सगळी रेंज पिऊन टाकतं. त्याने विचारलं, ताई, तुम्ही लाइनमधल्या का. म्हटलं, हो, फक्त तुम्ही शिडीवर असता आणि मी शिव्या खायला असते. मग त्याने मुकाट्याने पुढच्या खोलीतल्या उंच फळीवर बसवून दिला.

नाव द्यायची वेळ आली तेव्हा आमच्या धंद्यातली नेहमीची युक्ती केली. नव्या राउटरला जुन्याचंच नाव द्यायचं आणि पासवर्डही जुनाच ठेवायचा. म्हणजे घरातलं जे जे पूर्वी जोडलेलं होतं, फोन, टॅब, टीव्ही, ते काही न विचारता आपोआप जोडलं जातं. यंत्राला दुसरं काही कळत नाही. नाव आणि पासवर्ड जुळला की ते आपलं मानतं. तर माझ्या नव्या घरातल्या वायफायचंही नाव जुनंच, 'ठमीचं राज्य'. पासवर्ड ठमीनेच रचलेला, मांजर आणि घुबड मिळून झालेल्या कुठल्याशा प्राण्याचं नाव. तो फक्त आम्हा दोघींना ठाऊक आहे. टाइप करताना हसू आलं आणि मग जरा रडूही आलं. उगाच.

संध्याकाळी पहिला व्हिडिओ कॉल झाला. फोन हातात धरून तिला घरभर फिरवलं. तिने ओट्याला, बोळाला आणि गळक्या नळालाही टाटा केलं. कॉल संपला आणि घर एकदम गप्प झालं. ओट्याशी उभ्यानेच जेवले. एकटीसाठी ताट मांडायचं जिवावर येतं.

शनिवार, ७ सप्टेंबर

कामाचा पहिला आठवडा पार पडला. काय एकेक नमुने असतात. एका आजोबांनी धूळ बसू नये म्हणून राउटर लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं, आणि किल्ली सुनेकडे. एका बाईंनी त्याला विणलेलं झाकण घातलं होतं. एक गृहस्थ तर अर्धा तास माझ्यावर तोंडसुख घेत होते आणि शेवटी कळलं की राउटरच्या प्लगवर त्यांनी मिक्सर लावलाय. मी सगळ्यांशी गोड. आम्हाला शिकवलंय की बोलताना हसायचं, हसू आवाजात ऐकू जातं.

आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला मी मनातल्या मनात मुकादम म्हणते. त्या म्हणाल्या, काम छान आहे, फक्त तुमचा आवाज मधूनमधून तुटतो, लाइन बघून घ्या. घ्या. जी जगाचं वायफाय दुरुस्त करते तिच्याच घरी बोंब.

मोबाइलचं नेटवर्क तर या घरात औषधालाही नाही. या भिंती. टेलरकाकांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की दोन काड्या येतात. बाहेरगावी फोन लावायचा तर तिथेच जावं लागतं.

मंगळवार, १० सप्टेंबर

कालही ठमीशी बोलताना चित्र गोठलं. ती हात वर करून काहीतरी सांगत होती आणि तशीच थिजली. मी हॅलो हॅलो करत बसले. मग कॉल गेला तो गेलाच.

आज सकाळी कामाआधी स्वतःचीच ग्राहक झाले. राउटर बंद करून पुन्हा चालू केला. वायरी काढून फुंकर मारून बसवल्या. चॅनल बदलला. फळीशेजारचा आरसा हलवला. काही फरक नाही. मग लोकांना सांगते तसं फोन हातात घेऊन घरभर फिरले, कुठे रेंज चांगली येते बघायला. आणि सापडलं की. मागच्या खोलीत. पूर्ण रेंज, आणि पाण्यासारखं वाहतं इंटरनेट.

कामाचं टेबल मात्र तिथे मावत नाही. पण मी ठरवलं, ही खोली ठमीची. तिचा ऑनलाइन चित्रकलेचा क्लास असतो, तो अडायला नको. दुपारी जाऊन एक लहान खाट आणली आणि पिवळा पडदा लावला. टेलरकाकांनी शिवून दिला, शिलाई घेतली नाही. तिला पिवळा आवडतो. आता खोली बघितली की जिवात जीव येतो.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आज गंमत झाली. काल कॉल लागल्या लागल्या चित्र गोठलं होतं, एक वाक्यही धड बोलणं झालं नाही, आणि मी हिरमुसून झोपले. आज ठमी म्हणते, आई, काल तू सांगितलीस ना ती कोल्ह्याची गोष्ट, ती पुढे सांग. मी म्हटलं, कुठली गोष्ट. तर ती म्हणाली, कालची, ज्यात तो घर बदलतो. मी म्हटलं, राणी, काल आपलं बोलणं झालंच नाही. ती खदखदून हसली, तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

आत्याने सांगितली असेल गोष्ट. पोरांच्या डोक्यात सगळं एक होतं.

रविवार, १५ सप्टेंबर

पायरीवर उभी राहून ठमीच्या बाबांना फोन केला, पैशाचं नव्हे, तिच्या दातांचं विचारायला. तेच आपणहून म्हणाले की तू खूप बदललीस. पूर्वी पोरीचं बोलणं अर्धवट तोडायचीस, आता किती शांतपणे ऐकतेस. तिचा भागाकारसुद्धा तूच पक्का करून घेतलास. ती झोपेपर्यंत तू कॉलवर असतेस, आम्ही टॅब तिच्या उशाशी ठेवून देतो.

माझा कॉल तर रोज तिन्हीसांजेलाच तुटतो. भागाकार मी घेतलेला नाही.

सांगायला तोंड उघडलं होतं. पण सांगू काय? माझ्याकडे लाइन टिकत नाही म्हणून? मग ते म्हणणार, लाइन नाही म्हणजे नोकरी नाही, नोकरी नाही म्हणजे ठमी नाही. आणि किती वर्षांनी त्या माणसाने माझ्याबद्दल बरं काही म्हटलं. मी हो म्हटलं. हो, मी प्रयत्न करतेय, असं म्हटलं.

झोपेपर्यंत कोण असतं तिच्याशी?

मंगळवार, १७ सप्टेंबर

दुपारच्या सुट्टीत शिस्तीत तपासलं. भीती वाटली की मी कामाला लागते, तेवढं एक बरं आहे.

राउटर पुढे. मध्ये बोळ आणि दोन जाड भिंती. म्हणजे मागच्या खोलीत रेंज सगळ्यात कमी यायला हवी. तिथे ती सगळ्यात जास्त येते. हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. एखाद्या ग्राहकाने सांगितलं असतं तर लगेच कळलं असतं. आपल्या घरचं असलं की आपण खूश होतो आणि पडदे लावतो.

राउटरची पिन काढली. दिवे विझले. फोन घेऊन मागे गेले. 'ठमीचं राज्य', पूर्ण रेंज. गाणं लावलं, वाजलं.

मग मेन स्विच पाडला. फ्रिज थांबला, पंखा थांबला. गाणं वाजत राहिलं.

खोलीत काय आहे? खाट, पडदा, दोन खोके, भिंतीतलं एक रिकामं कपाट. प्लग एकच, त्यात काही लावलेलं नाही. कपाटाला आतून टकटक करून बघितलं, भरीव भिंत आहे. हे नाव मी दिलं आणि पासवर्ड ठमीने. तिसऱ्या कुणाला माहीत नाही. तरी इथे दुसरं कुणीतरी तेच नाव, तोच पासवर्ड लावून बसलंय.

दोन राउटरचं नाव एकच असलं तर फोन खरा कुठला, खोटा कुठला बघत नाही. ज्याची रेंज जास्त, त्याला धरतो. हे मीच लोकांना शिकवते.

बुधवार, १८ सप्टेंबर

घरमालकीणबाईंना पायरीवरून फोन लावला. आधीच्यांनी मागच्या खोलीत काही यंत्र ठेवलंय का, विचारलं. म्हणाल्या, त्यांच्याकडे इंटरनेटच नव्हतं. मग म्हणाल्या की आधी राहायच्या त्या बाई मागच्या खोलीत एकट्याच बोलत बसायच्या, त्यांचा मुलगा परगावी होता. पुढे तो भेटायला आला आणि आईला ओळखेचना. घरमालकीणबाईंनी मग आवाज बदलून मला विचारलं, भाडं ऑनलाइन पाठवणार ना.

राउटरचं नाव बदललं. पासवर्ड बदलला. आधी पार कारखान्यातून आल्यासारखा कोरा केला आणि मगच बदलला. माझ्या फोनने नवं नाव धरलं, आणि मी चहा गाळेपर्यंत सोडलं. परत 'ठमीचं राज्य'. ते जोडणं फोनमधून पुसून टाकलं. पुन्हा आलं.

शुक्रवार, २० सप्टेंबर

ठमीशी कॉल. ठमी म्हणाली, आई, कपडे कधी बदललेस. मगाशी पिवळे होते.

मगाशी म्हणजे कधी, मी विचारलं. तर म्हणाली, आत्ताच, तू तुझ्या नव्या खाटेवर बसली होतीस ना. मग चित्र गोठलं.

थोड्या वेळाने तिने फोटो पाठवला. टॅबवरून काढलेला, बरोबर कोपऱ्यात तिचं बोट आलंय. मी आहे. मागे पिवळा पडदा. केस चापून विंचरलेले, हात मांडीवर, आणि हसतेय. ते हसू मी ओळखते. मदत-क्रमांकावर शिकवतात ते.

मी दिवसभर पुढच्या खोलीत होते. मागे गेलेच नाही. मंगळवारपासून गेले नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

सगळं सांगितलं तिच्या बाबांना. कानाला खडा लावला की काही लपवायचं नाही, आणि सांगून टाकलं, गेला आठवडाभर ठमीशी बोलतेय ती मी नव्हे.

ते म्हणाले की ठमीची आई इथे माझ्यासमोर टॅबवर आहे, ठमीची वेणी कशी घालायची ते आत्याला सांगतेय. तुम्ही कोण बोलताय? हल्ली आवाजाची नक्कल करून फसवतात ते ऐकलंय आम्ही. पुन्हा फोन केलात तर तक्रार करीन.

पायरीवरच बसले. टेलरकाकांनी पाणी दिलं. मी थँक्यू म्हटलं तर ते म्हणाले, काय म्हणालात? दोनदा सांगितलं. दोनदा त्यांनी कानाला हात लावला.

सोमवार, २३ सप्टेंबर

टेलरकाकांच्या फोनवरून ठमीच्या बाबांचा नंबर लावला. ठमीने उचलला, देवाची कृपा.

कुणाचंही खातं उघडण्याआधी आम्ही खात्री करून घेतो, त्यांनाच माहीत असेल असं काही विचारतो. मी तेच केलं. ठमी, म्हटलं, तिला विचार, जे फक्त आईला माहीत आहे ते विचार. ती हळूच म्हणाली, विचारलं. आईला सगळं बरोबर आलं. आणि आई म्हणाली होती की एक बाई माझ्या आवाजात फोन करेल.

मग तिनेच मला विचारलं. आमच्या त्या प्राण्याचं नाव काय. मांजर आणि घुबडाचं.

मी सांगितलं. मोठ्याने सांगितलं. ती म्हणाली, ऐकू येत नाही, तुटतंय. मी पुन्हा सांगितलं, अक्षर अक्षर सोडून सांगितलं. टेलरकाका मशीन थांबवून माझ्याकडे बघत होते. फोनवर दोन नाही, चार काड्या होत्या. लाइन तुटत नव्हती. तुटत होते ती मी.

ठेवला तिने.

मंगळवार, २४ सप्टेंबर

नोकरी गेली. मुकादमबाईंनी ग्राहकांच्या तक्रारी वाचून दाखवल्या, आवाज येत नाही, शब्द गळतात. मी म्हटलं लाइन ठीक आहे, माझंच काही — त्या म्हणाल्या, हॅलो, आहात का.

तरी अभिनंदनाचा मेसेज आलाय. ठमीच्या बाबांचा. नोकरी पक्की झाल्याचं तू सांगितलंस, ठमी नाचतेय, शनिवारी आणून सोडतो. इतक्या लवकर सुट्टी मिळणार नव्हती पण तू एवढं म्हणालीस म्हणून.

मी नाही म्हणाले.

मी उत्तर लिहिलं. आणू नका. इथे आणू नका. गेलं नाही. पुन्हा लिहिलं. 'पाठवत आहे' असं दाखवतं आणि फिरत राहतं. पायरीवर उभं राहून पाठवलं, गेलं. लगेच खाली दुसरं उमटलं, माझ्याच नावाने. चेष्टा केली हो, वाट बघतेय.

बुधवार, २५ सप्टेंबर

महिनाभर याच दिवसाची वाट बघितली. ठमी येणार. आता देवाला सांगतेय गाडी बिघडू दे.

त्यांच्या गावाला जायचा विचार केला. स्टँडवरच्या खिडकीवर तिकीट मागितलं. तिकीटवाल्याने तीनदा कुठलं विचारलं, मग मागच्या माणसाला पुढे बोलावलं. कागदावर लिहून द्यायचं तेव्हा सुचलं नाही. शिवाय वाटेत चुकामूक झाली तर — ते इथे पोचतील आणि मी तिथे. ते नको.

इथेच थांबायचं. शनिवारी फाटकात उभं राहायचं. ठमीला गाडीतून उतरूच द्यायचं नाही. समोरासमोर बघितल्यावर तर ओळखेल.

गुरुवार, २६ सप्टेंबर

बोळाच्या टोकापर्यंत गेले. दार लोटलेलं होतं. आत कुणी नाही. खाटेवरची चादर बसल्यासारखी चुरगळलेली.

मी विचारलं, काय हवंय तुला. माझी मुलगी कशाला. भीती नव्हती वाटत, राग होता. आतून कुणीतरी तेच विचारलं. काय हवंय तुला. माझी मुलगी कशाला. माझ्याच आवाजात, पण स्वच्छ. एकही शब्द न गाळता.

उद्या कुलूप आणते. बाहेरून लावून टाकते दाराला.

शुक्रवार

कुलूप आणायला गेले होते. एवढीच चूक. दुकानदाराला कळेना काय हवंय, बोट दाखवून घ्यावं लागलं, त्यात वेळ —

टेलरकाका म्हणाले, आली की हो तुमची लेक, एक दिवस आधीच. गाडी वळवून तिचे बाबा गेलेसुद्धा. तुम्हीच तर खिडकीतून हात केलात, आत पाठवा म्हणालात.

दारात ठमीचे बूट. नीट जोडीने काढलेले. मागच्या खोलीला आतून कडी.

हाका मारल्या. अर्धी हाक बाहेर येते. टेलरकाकांना ओढत आणायला गेले, ते म्हणाले जरा मोठ्याने, ताई, मशीनचा आवाज आहे. मशीन बंद होतं. खिडकीतून बघू गेले तर पिवळा पडदा ओढलेला आणि आतून — ठमी हसतेय. आणि मीही हसतेय.

लिहून देते. अक्षर तरी तुटत नाही.

ठमी, ही आई आहे. अक्षर बघ, तुझ्या सगळ्या वह्यांवर नाव घालते तेच. ल बघ, तू नेहमी चिडवतेस तसा. दाराखालून सरकवतेय. कडी काढ आणि धावत बाहेर ये. तिच्याकडे बघू नकोस, बोलू नकोस. मी रागावणार नाही. कडी तेवढी काढ, राणी.

पान आत गेलं. हसू थांबलं.

काहीच नाही. मग कुजबुज. मग पेन्सिलीचा आवाज.

पान बाहेर आलं. मागच्या बाजूला ठमीचं अक्षर. बाई, माझी आई इथे माझ्याजवळच आहे. तुम्ही कोण ते आम्हाला माहीत नाही. दार वाजवू नका. मला तुमची खूप भीती वाटते.

माझी —

थांबवलं. बघ बाळा, वाजवायचं थांबवलं मी. घाबरू नकोस. मी इथेच बाहेर जमिनीवर बसते, अगदी गप्प, तू फक्त